पाच मासे, ५२ दिवस : एका स्थलांतराच्या नोंदी

उणे २१ वा दिवस

काकांच्या समुद्री माशांच्या टँकचा मागचा सांधा पाझरायला लागलाय. नवा टँक लावायची त्यांची आता तयारी नाही. मासे माझ्याकडे येणार: एक इंटरप्टस एंजल, एक ऱ्होंबॉइड फेअरी रास (रास म्हणजे wrasse, माशांचं एक कुळ), एक लेपर्ड रास (मादी) आणि बांगाई कार्डिनलची जोडी. इंटरप्टस जपानकडचा आणि ऱ्होंबॉइड मार्शल बेटांच्या खोल पाण्यातला. गेले तर पुन्हा मिळतील याची खात्री नाही.

क्वारंटाइन करणार म्हटल्यावर काका थोडे दुखावले. "अरे, पाच वर्षं झाली, एकाच्याही अंगावर ठिपका नाही. कशाला छळतोस त्यांना?" माझ्या रीफमध्ये (प्रवाळांच्या मुख्य टँकमध्ये) आजवर तपासल्याशिवाय काहीच गेलेलं नाही आणि आता तो नियम मोडायचा नाही, एवढंच त्यांना सांगितलं.

आजचं काम एकच. दोन स्पंज फिल्टर माझ्या स्वतःच्या सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या, पाणी गाळण्याच्या टाकीत) टाकले. तीन आठवड्यांत त्यांच्यात जिवाणू बसतील. काका त्यांच्याच सम्पमधला जुना स्पंज देत होते, तो घेतला नाही. ज्यांना तपासायचं त्यांच्याच घरचा गाळ सोबत आणण्यात अर्थ नाही.

उणे ४ था दिवस

काकांकडून त्यांच्या टँकचं पाणी बाटलीत मागवलं. ते खारटपणा ३५ पीपीटी (हजारात भाग) सांगत होते, माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाशाच्या वळणावरून खारटपणा मोजणारं यंत्र) ३१ आलं. आधी माझंच यंत्र चुकतंय वाटलं, म्हणून ३५ च्या प्रमाणित द्रावणावर तपासलं. (नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य लावून भागत नाही. शून्याला बरोबर असलेलं यंत्र ३५ ला दोन अंकांनी चुकू शकतं.) यंत्र ठीक होतं. काकांच्या हायड्रोमीटरच्या (तरंगत्या काट्याने खारटपणा दाखवणाऱ्या साधनाच्या) काट्याला बुडबुडे चिकटत असणार. बुडबुडे काटा वर ढकलतात आणि पाणी आहे त्याहून खारट दिसतं.

बाटली आधी मागवली हे फार बरं झालं. कमी खारट पाण्यातून जास्त खारट पाण्यात एकदम टाकणं हे उलट्या प्रवासापेक्षा जास्त जड जातं. क्वारंटाइन टँक ३१ वरच भरला. तापमान २५. तळ उघडा, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. लेपर्ड रात्री वाळूत झोपते, म्हणून प्लास्टिकच्या डब्यात सिलिका वाळू. झाकणाला जाळी, कोपऱ्यातल्या वायरींच्या फटीसुद्धा बंद केल्या.

दिवस ०

पकडायला दोन तास धरले होते, साडेपाच लागले. इंटरप्टस दगडांच्या मागून हलेना. शेवटी अर्धे दगड बाहेर आणि पाणी गुडघ्याइतकं खाली, तेव्हा कुठे हाती आला. तोही जाळीने नाही, पारदर्शक डब्याने. एंजलच्या गालफडावर काटा असतो, तो जाळीत अडकला की सोडवताना माशाची साल निघते. लेपर्ड पहिल्याच झटक्यात वाळूत गेली. तिच्यासाठी दिवे बंद करून वाट पाहिली आणि संध्याकाळी वाळूसकट डब्यात उचलली.

चार मासे झाकणाच्या बादल्यांत, बॅटरीच्या पंपावर. बादल्या कमी पडल्या म्हणून इंटरप्टस पिशवीत. रस्त्यात नऊ तास गेले.

घरी पोचेपर्यंत रात्रीचे दीड वाजलेले. सवयीने पिशवी उघडली आणि टँकचं पाणी थेंब थेंब तिच्यात सोडायला लावलं, पाऊण तासासाठी. वीस मिनिटांतच मासा आडवा व्हायला लागला, कल्ले फडफड. तसाच उचलून टँकमध्ये सोडला.

काय झालं ते नंतर डोक्यात आलं, आधी वाचलेलं असूनही. बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो. त्या उतरलेल्या पीएचमध्ये साठलेला अमोनिया बराचसा अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते रूप फारसं विषारी नसतं. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. त्या पाण्यात मी त्याला वीस मिनिटं ठेवला. टँकची सॅलिनिटी (खारटपणा) आधीच ३१ केलेली होती, मग थेंबांची गरजच काय होती? तापमान जुळेपर्यंत बंद पिशवी तरंगत ठेवायची, फाडायची, मासा उचलून सोडायचा. पिशवीतलं पाणी मोरीत. पाच मिनिटांचं काम.

दिवस १

इंटरप्टस जिवंत. पाइपच्या आत, खात नाही. बांगाई पहिल्याच फेरीत मायसिसवर (बारीक कोळंबीसारखं खाणं) तुटून पडले. फेअरी रास झाकणाखाली चकरा मारतोय. लेपर्ड दिसत नाही. हे अपेक्षित आहे. लेपर्ड जागा बदलल्यावर काही दिवस वाळूतून बाहेरच येत नाहीत. मेली समजून वाळू उपसायची नाही, हे स्वतःलाच चिठ्ठी लिहून टँकवर डकवलंय.

दिवस ३

इंटरप्टस पाइपला अंग घासतोय. एका बाजूचा कल्ला मिटलेला, डोळ्यावर पुसट जाळं. ठिपके नाहीत.

गोड्या पाण्याचा डिप (थोड्या वेळाची बुडी) दिला. आरओचं पाणी, तापमान तेच, खाण्याचा सोडा घालून पीएच ८.२ च्या आसपास, हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांत सोडणारा) चालू. पाच मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला अंगावरून पांढरे, तिळाएवढे चपटे तुकडे सुटायला लागले. तळाशी मोजले, चौदा. फ्लूक्स, म्हणजे चपटे परजीवी किडे. माशाच्या अंगावर असताना पारदर्शक असतात म्हणून दिसत नाहीत, गोड्या पाण्यात पांढरे पडतात.

काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही.

डिप हा उपचार नव्हे, तपासणी. कल्ल्यांतले राहतात आणि टँकमध्ये पडलेली अंडीही राहतात. उद्या प्राझिक्वांटेल, कृमींवरचं औषध.

दिवस ४

प्राझिक्वांटेल लिटरला २.५ मिलिग्रॅम. टँक १६० लिटरचा, म्हणजे ४०० मिलिग्रॅम. ही पावडर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून अल्कोहोलमध्ये कालवून टाकली. रात्री आठला सगळं शांत.

दिवस ५

फेअरी रास गेला.

पहाटे चारला उठलो तेव्हा पाणी दुधाळ झालं होतं, इंटरप्टस आणि दोन्ही बांगाई वरच्या थराला तोंड लावून. फेअरी रास स्पंजच्या मागे पडलेला. अल्कोहोल हे जिवाणूंना आयतं खाणं. त्यांची रात्रीत झुंबड उडाली आणि त्यांनी पाण्यातला ऑक्सिजन संपवला. त्यात हवेचा एकमेव दगड मिठाने अर्धा बुजलेला. शिवाय काही रास प्राझिक्वांटेल नीट सोसत नाहीत. नेमका कशाने गेला ते सांगता येणार नाही, पण तिन्ही गोष्टी माझ्याच हातच्या.

लगेच अर्धं पाणी बदललं, दुसरा एअर पंप जोडला, पॉवरहेड (पाणी ढकलणारा पंप) वर वळवून पृष्ठभाग खळबळता ठेवला. सातपर्यंत बाकीचे खाली आले.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "बाकीच्यांचं बघ."

दिवस ७

इंटरप्टसच्या शेपटीवर आणि छातीच्या परांवर पांढरे ठिपके, मीठ भुरभुरावं तसे. क्रिप्टोकॅरियन, पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी. पाच वर्षं एक ठिपका न दिसलेला मासा.

काका खोटं बोलत नव्हते. जुन्या टँकमधल्या माशांना अर्धवट प्रतिकारशक्ती आलेली असते. परजीवी कल्ल्यांत थोड्या संख्येने फिरत राहतो आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. माशाची जागा हलली, ताण आला, की तो उघड्यावर येतो. "माझे मासे स्वच्छ आहेत" याचा खरा अर्थ "माझे मासे आजारी दिसत नाहीत" एवढाच असतो.

कॉपर सुरू. चिलेटेड कॉपर (बांधलेल्या रूपातलं तांबं, या परजीवीवरचं औषध), अंतिम पातळी २.० ते २.५ पीपीएम (दशलक्षात भाग). एंजलला ते चटकन झेपत नाही म्हणून रोज ०.५ ने चढवणार. संध्याकाळी पहिला डोस, तासाभराने मोजलं: ०.६६. काचनळीवर बोटाचा डाग असेल म्हणून सोडून दिलं.

दिवस ८

दुसरा डोस. यायला हवं होतं १.०, आलं १.२९. नळी पुसली, बुडबुडे झटकले, पुन्हा मोजलं. १.२९. तिसऱ्यांदा १.३०.

मग मोजपट्टी आणली. टँक ९० × ४० × ४५ सेंटिमीटर, बाहेरून. गुणाकार १६२, म्हणून तो "१६० लिटरचा". काचेची जाडी आठ मिलिमीटर, पाणी वरपासून सात सेंटिमीटर खाली. आतून मापं घेऊन हिशोब केला तर पाणी १२५ लिटर.

म्हणजे कॉपर तीस टक्के जास्त जात होतं. ते दुसऱ्या डोसालाच कळलं, नुकसान झालं नाही. पण दिवस ४ चा हिशोबसुद्धा याच १६० वर केला होता. ४०० मिलिग्रॅम भागिले १२५, लिटरला ३.२ मिलिग्रॅम. अल्कोहोलही त्याच प्रमाणात जास्त.

हे लिहून झाल्यावर बराच वेळ काही केलं नाही.

टँकच्या काचेवर पाण्याच्या पातळीला पक्क्या मार्करने रेघ मारली आणि बाजूला १२५ लिहिलं.

दिवस १०

प्राझिक्वांटेलचा दुसरा डोस. पहिला डोस अंड्यांना काही करत नाही, त्यातून निघालेल्यांसाठी हा. या वेळी ३१० मिलिग्रॅम. अल्कोहोल नाही, टँकचंच पाणी घेऊन बाटलीत दहा मिनिटं खळखळवलं. थोडी पावडर तरंगत राहिली, राहू दिली. दोन पंप, रात्री दर दोन तासांनी गजर. काही झालं नाही.

त्याआधी, सकाळी, अमोनिया ०.५ होता. हात नेहमीच्या अमोनिया बांधणाऱ्या बाटलीकडे गेला होता, वेळीच थांबलो. तसली बरीच औषधं क्षपणकारक (रिड्युसिंग) असतात. कॉपर असलेल्या पाण्यात ती घातली तर कॉपरचं रूप बदलून ते माशांना जास्त विषारी होऊ शकतं. त्यापेक्षा पाणी बदलणं बरं. ६० लिटर बदललं, आणि नव्या पाण्यात बादलीतच आधी तितकंच कॉपर घालून. साधं पाणी ओतलं असतं तर पातळी निम्म्यावर आली असती. प्राझिक्वांटेल मात्र त्या बदलानंतर, संध्याकाळी टाकलं. क्रम उलटा केला असता तर निम्मं औषध बादलीत गेलं असतं.

सॅलिनिटी आता ३३. बाष्पीभवनाची भर खाऱ्या पाण्याने घालतोय, हळूहळू चढतेय.

दिवस ११

लेपर्ड बाहेर! दुपारी अर्धा तास. डोळे फिरवत फिरवत दोन कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव) खाल्ले आणि परत आत.

दिवस १२

कॉपर २.०५. मोजणीचा पहिला दिवस.

कॉपर परजीवीला माशाच्या अंगावर मारत नाही, तळावरच्या कोषातही मारत नाही. कोषातून सुटून मासा शोधत पोहणाऱ्या पिलांनाच मारतं. अंगावरचे तीन ते सात दिवसांत स्वतःच गळून पडतात. म्हणून चौदा दिवस पातळी न मोडता ठेवायची आणि मग मासे कोरड्या, निर्जंतुक टँकमध्ये हलवायचे. कोष मागे राहतात. अट "न मोडता" ही आहे.

दिवस १३

सिलिकाचा डबा लेपर्डला उथळ पडतोय, पाठ उघडी राहते. जास्त खोल डबा आणला. सिलिका संपली होती, घरात उरलेली प्रवाळाची वाळू भरली.

दिवस १७

तीन दिवस कामानिमित्त बाहेर होतो. घरचे फक्त खायला घालत होते. आल्यावर कॉपर मोजलं: १.६१.

प्रवाळाची वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ती कॉपर शोषून घेते. म्हणूनच तर क्वारंटाइनमध्ये दगड आणि वाळू ठेवत नाहीत. हे मला ठाऊक होतं, त्यासाठीच पहिल्या दिवशी सिलिका घेतली होती. तेराव्या दिवशी मात्र "तात्पुरतं चालेल" म्हणालो.

डबा बाहेर, नव्या सिलिकेचा खोल डबा आत, कॉपर पुन्हा २.१ वर. पातळी नेमकी कधी मोडली माहीत नाही, म्हणून झालेले सगळे दिवस रद्द. उद्यापासून एक.

दिवस २१

बांगाईचा नर पाच-सहा दिवस खात नाहीये. मायसिस समोरून जातं, तो मान वळवतो. जबडा खाली ओघळलेला, हनुवटी सुजल्यासारखी. गाठ असेल, संसर्ग असेल म्हणून जवळून बघायला काढला. डबा लांब होता, जाळी हाताशी होती.

जाळी पाण्याबाहेर यायच्या आत त्याने तोंड उघडलं. नारिंगी मोत्यांचा घोस. तीस-चाळीस अंडी, काहींत डोळ्यांचे काळे ठिपके दिसत होते.

बांगाईचा नर पिलं तोंडात वाढवतो. अंडी वीसेक दिवस, त्यावर बाहेर आलेली पिलंही आणखी काही दिवस, आणि तेवढा काळ तो उपाशी राहतो. हे मी लोकांना सांगत आलोय. पण क्वारंटाइनमध्ये डोक्यात फक्त आजार असतो, मग फुगलेली हनुवटी ही सूजच दिसते. कॉपरमध्ये, उघड्या तळाच्या टँकमध्ये जोडी जमेल असं मनातही आलं नव्हतं.

नराला परत सोडला, अंडी त्याच्याजवळ ठेवली. त्याने घेतली नाहीत. संध्याकाळी त्याने मायसिस खाल्लं.

जाळी त्या खोलीतून काढून टाकली.

दिवस २२ ते ३१

सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच हवं होतं. रोज एकदा कॉपर: २.०५ ते २.१८. इंटरप्टसचे ठिपके २४ व्या दिवसापासून दिसले नाहीत. तो आता नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) चावतो. सॅलिनिटी ३५.

दिवस ३२

दुसरा टँक, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्याचे शिंतोडे तिथवर पोचू नयेत म्हणून. सम्पमध्ये थांबलेला दुसरा स्पंज आज कामाला आला. नवे पाइप, नवी वाळू, वेगळा हीटर. पाणी आतून मोजून भरलं, रेघ आधी मारली.

मासे डब्याने उचलले, डब्यातलं पाणी जमेल तितकं गाळून. लेपर्डसाठी सकाळी दिवे लागायच्या आधी तिचा डबाच उचलला आणि वाळू हाताने बाजूला सारून तिला काढलं. तिची जुनी वाळू पुढे नेली नाही.

दिवस ४०

दुसऱ्या टँकमध्ये औषध नाही, फक्त नजर. इंटरप्टसला पुन्हा एकदा गोड्या पाण्याचा डिप. तळाशी काही नाही. पाच मिनिटं भिंगातून बघत बसलो होतो.

दिवस ४७

पंधरा दिवस स्वच्छ. रीफमध्ये छिद्रांची अॅक्रिलिक पेटी लटकवली आणि इंटरप्टस तीत. माझा जुना टँग मासा पहिल्या तासात पेटीला शेपटी मारत राहिला. दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी त्याचं लक्ष नव्हतं.

दिवस ५१

पेटी उघडली. इंटरप्टस दहा मिनिटं दारातच थांबला, मग दगडांत गेला. बांगाई थेट सोडले, ते सी अर्चिन या गोल समुद्रजीवाच्या काट्यांपाशी जाऊन उभे राहिले. लेपर्डला वाळूजवळ डबा कलता करून सोडलं. एक गिरकी आणि गायब.

हिशोब. ठरवले होते ३० दिवस. मीठ साधारण २२ किलो, कारण सगळे पाणीबदल धरून सहाशे लिटरच्या आसपास पाणी लागलं. कॉपरच्या ४१ चाचण्या, त्यातल्या पाचेक प्रवाळाच्या वाळूमुळे वाया. एक मासा आणि अंड्यांचा एक घोस.

दिवस ५२

दोन्ही टँक ब्लीचने धुऊन उन्हात. रेघा पुसल्या नाहीत.

काका येऊन गेले. इंटरप्टस बघून बराच वेळ खुर्चीवर बसले होते. निघताना विचारलं, "लेपर्ड कुठे?" वाळूत आहे म्हटलं. "जिवंत?" असावी, म्हटलं. चार-पाच दिवस थांबावं लागेल. जुनी चिठ्ठी क्वारंटाइन टँकवरून काढून रीफच्या काचेवर लावलीय.